काश्मिरी अक्रोडाचं पॅनेल: हाताने कोरलेलं की सीएनसीवर काढलेलं?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. श्रीनगरहून दोन फूट बाय दीड फुटाचं अक्रोडाच्या लाकडाचं पॅनेल ४२,००० रुपयांना आणलंत. मध्ये कमळ, भोवती चिनारची पानं. दुकानदार तोंडाने ‘पूर्ण हाताने कोरलेलं’ म्हणाला, बिलावर मात्र नुसतं ‘वूडन हँडिक्राफ्ट’ आहे. घरी आल्यावर इंटिरियरची कामं करणाऱ्या मेहुण्यांनी ते हातात घेतलं आणि ‘हे सीएनसीचं, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर कोरलेलं आहे’ म्हणून मोकळे झाले. दुकानदाराला फोन केलात तर तो म्हणतो, ‘फिनिशिंग हाताचंच आहे, म्हणजे हँडमेडच झालं की.’ तेव्हा खरं कोण बोलतंय आणि पैसे परत मिळतील का, हा तुमचा प्रश्न.

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या लाकडी कामाची दुरुस्ती करतो. तुळईला आधार देणारे तुटलेले हस्त, महिरपीचे निखळलेले तुकडे, वाळवीने पोखरलेल्या गणेशपट्ट्या, हे रोजचं काम. त्याशिवाय लोक विकत घेतलेल्या कोरीव वस्तू ‘जरा बघून सांगा’ म्हणून घेऊन येतात. माझ्याकडे पटाश्यांचा संच आहे तसा सीएनसी राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं तसलं मशीनही आहे. त्यामुळे मशीनवर माझा राग नाही. मशीनचं काम हाताच्या भावाने विकतात, त्यावर आहे.

तुमच्या वादात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. वस्तू कशी बनली, ही एक. विकताना काय सांगितलं, ही दुसरी. आणि तुम्ही पैसे कशाचे मोजले, ही तिसरी. मेहुणे पहिलीबद्दल बोलतायत, दुकानदार दुसरीतून पळवाट काढतोय आणि तुमचा जीव तिसरीत अडकलाय. या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

वस्तू कशी बनली, याचं उत्तर हल्ली हात किंवा मशीन इतक्या एका शब्दात क्वचितच देता येतं. काश्मीरची जुनी पद्धत अशी: नक्काश, म्हणजे कोरणारा कारागीर, वाळवलेल्या फळीवर नक्षी उतरवतो, टोकदार हत्याराने कडा आखून घेतो, मग पटाशी आणि लाकडी मोगरी घेऊन नक्षीभोवतालची जमीन, म्हणजे मोकळा पृष्ठभाग, खाली नेतो. जमीन खाली गेली की पानं वर उठतात. मग पानांना वळण, शिरा, कडांची मुरड आणि शेवटी घासून पॉलिश. यात मोगरीऐवजी हातात धरायचं छोटं इलेक्ट्रिक ग्राइंडर आलं तर? माझ्या मते तेही हाताचंच कोरीव काम. कारण प्रत्येक घाव कुठे, किती खोल, हे अजूनही कारागीरच ठरवतोय. फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगावं. पुढची पायरी म्हणजे ढोबळ आकार राउटरने काढायचा आणि बारीक काम पटाशीने करायचं. हे मिश्र काम. सांगून, कमी भावाने विकलं तर त्यात काहीही वावगं नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे शिरांसकट सगळं मशीनवर काढायचं आणि माणसाने फक्त पॉलिश पेपर मारून पॉलिश चढवायचं. तुमचा दुकानदार हात म्हणतोय तो बहुधा हा. पॉलिश पेपर मारणं ही मेहनत आहे, पण त्याला कोरणं म्हणत नाहीत. पानाचा आकार आणि खोली त्याआधीच ठरून गेलेली असते. सगळ्यात खाली लाकडाचा भुसा रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतलेल्या वस्तू. त्यांना लाकडी म्हणणंही अवघड. तुमच्या पॅनेलवर लाकडाच्या रेषा कडेपर्यंत सलग दिसतायत, म्हणजे निदान तो प्रकार नाही.

हा वाद सीएनसी आल्यावर सुरू झाला असं समजू नका. इंग्लंडमध्ये थॉमस ब्राउन जॉर्डन या माणसाने १८४५ साली लाकूड कोरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक काटा मूळ नमुन्यावरून फिरायचा आणि त्याच्या हिशोबाने फिरती पाती एकाच वेळी अनेक लाकडं कोरायची. लंडनच्या संसदभवनाच्या लाकडी नक्षीकामासाठी हे यंत्र वापरलं. यंत्राने आकार काढायचा आणि कोरक्यांनी हाताने साफ करायचा, अशी तिथली वाटणी होती. म्हणून कोणी ‘ही वस्तू शंभर वर्षं जुनी आहे, त्या काळी मशीन कुठलं’ असं सांगितलं तर मान डोलवू नका.

मी स्वतः काय करतो तेही सांगतो, म्हणजे रेघ कुठे ओढतो ते कळेल. वाड्याच्या मालकाला एकसारखे हस्त हवे असतात आणि खर्च आवाक्यात ठेवायचा असतो. अशा वेळी मी राउटरवर ढोबळ आकार काढतो, पाकळ्या आणि पोपटाची चोच पटाशीने करतो, आणि बिलावर ‘मशीन रफिंग, हातकाम फिनिश’ असं लिहून देतो. पूर्ण हाताचं हवं असेल तर दर वेगळा सांगतो. अजून तरी या कारणावरून कोणी भांडायला आलेलं नाही.

आता पॅनेलकडे येऊ. फोटोवरून छातीठोक निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. घरी स्वतः बघण्यासारखं मात्र बरंच आहे.

रात्री खोलीतले दिवे बंद करा. मोबाइलचा टॉर्च पॅनेलच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड आडवा सरपटत जाईल. पानावर नको, दोन पानांच्या मधल्या खोलगट जमिनीवर बघा, कारण तिथे पॉलिश पेपर नीट पोचत नाही. मशीनचं बिट, म्हणजे फिरतं पातं, एका ओळीतून गेलं की किंचित सरकून शेजारच्या ओळीने परत येतं, आणि दोन ओळींच्या मध्ये बारीकसा उंचवटा राहतो. अशा सरी-वरंब्यासारख्या समांतर रेघा, अंतर सगळीकडे सारखं, आणि पान असो, देठ असो की जमीन, सगळ्यांवरून एकाच दिशेने गेलेल्या दिसल्या, तर मशीन नक्की चाललेलं आहे. पटाशीचे ठसे असे नसतात. ते पानाच्या वळणाबरोबर वळतात, लांबी कमीजास्त असते आणि जिथे लाकडाची रेषा उलटी होते तिथे कारागिराने हत्यार फिरवून दुसऱ्या बाजूने काप घेतलेला कळतो. मशीनला लाकडाची रेषा कळत नाही. दिलेल्या वाटेने ते जातं, मग तिथे तंतू उचकटले तरी. म्हणून पानाची एक कड स्वच्छ आणि समोरची कड बारीक केसाळ, असं पुन्हापुन्हा दिसलं तर संशय घ्या. अक्रोड तसं कोरायला गुणी लाकूड आहे, त्यात हे सागवानापेक्षा कमी दिसतं.

रेघा दिसल्या नाहीत तर? तर काहीच सिद्ध होत नाही. नीट घासलं की मशीनच्या रेघा जातात, आणि काश्मीरचं अस्सल हातकामही मुळात गुळगुळीतच करतात. ‘हत्याराच्या खुणा नाहीत म्हणजे मशीन’ हे मेहुण्यांचं कारण असेल तर ते लंगडं आहे.

मग शिरा बघा. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा मॅक्रो चालेल. बरेच जण सांगतात की रेघ निमुळती होत संपली म्हणजे हाताची. तसं नाही. व्ही आकाराचं बिट वर उचलत नेलं की मशीनही छान निमुळती रेघ काढतं, आतले कोपरेही टोकदार काढतं. फरक रेघेच्या भिंतींत असतो. बिट उभं फिरतं, त्यामुळे दोन्ही भिंतींचा उतार अगदी सारखा असतो, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माणसाचं मनगट कलतं. वळणावर आतली भिंत उभी होते, बाहेरची पसरते. एखादी शीर मुख्य शिरेला मिळते तिथे हत्यार केसभर पुढे घसरलेलं असतं. उलट गोल टोकाच्या बिटाने काढलेल्या कामात आतले कोपरे सगळे सारख्याच गोलाईचे राहतात. देठ पानाला मिळतो ती काख बघा. पाचसहा काखांची गोलाई एकच असेल तर ती बिटाची जाडी आहे.

त्यानंतर पानांच्या खाली. एक जाड कागद किंवा व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि पानाच्या कडेखाली अलगद सरकवून बघा. पान कडेला उचललेलं आणि खालून पोकळ असेल तर ती पोकळी वरून सरळ खाली येणाऱ्या साध्या तीन अक्षांच्या राउटरला काढताच येत नाही. तिथे हात गेलेला आहे, किंवा पान वेगळं कोरून चिकटवलंय. चिकटवलं असेल तर पानाच्या आणि जमिनीच्या लाकडाच्या रेषा जुळणार नाहीत. मात्र पोकळी नाही म्हणून लगेच मशीन ठरवू नका. उथळ उठावाच्या हातकामातही ती नसते. काश्मीरमध्ये खोल उठाव, उथळ कोरणी, आरपार जाळी असे सगळेच प्रकार चालतात. ज्यांनी जुनं हातकाम जवळून पाहिलेलं नाही त्यांनी एकदा केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे किंवा विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग जाऊन बघावा. लाकूड वेगळं, शैली वेगळी, पण घाव कसा दिसतो ते डोळ्यांत बसतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र तुलनेवर. तुमच्या पॅनेलच्या चार कोपऱ्यांत चार सारखी पानं आहेत. पातळ कागद एका पानावर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. शिरांसकट ठसा उठेल. चारही पानांचे ठसे घ्या आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून बघा, समोरासमोरच्या पानांसाठी कागद उलटा करून. बाहेरची कड जुळली तर विशेष नाही. नक्काशही कागदी खाका वापरतो, त्यामुळे कड जुळणारच. पण आतल्या शिरांची लांबी, त्यांच्यातलं अंतर, त्या कुठे थांबतात, हे चारही पानांत केसाइतकंही हललेलं नसेल, तर ते हाताचं नाही. चांगल्यातल्या चांगल्या कारागिराचं चौथं पान पहिल्यापेक्षा थोडं वेगळं होतं, कारण तोवर त्याला त्या फळीचा अंदाज आलेला असतो.

आणि इथेच तुमच्या तिसऱ्या फोटोने मला थांबवलं. डाव्या खालच्या पानात देठापासून तिसरी शीर मध्येच किंचित वाकडी होऊन तुटल्यासारखी थांबली आहे. उजव्या वरच्या पानातही तिसरीच शीर, तिथेच, तशीच तुटली आहे. सुबक गोष्ट दोनदा सारखी करता येते, पण चूक दोनदा तंतोतंत सारखी होत नाही. ही चूक बहुधा संगणकातल्या एका पानात झाली आणि तेच पान चार ठिकाणी डकवलं गेलं. खाक्यातच तशी रेघ असण्याची शक्यता थोडी उरते, म्हणून त्या दोन ठिकाणची खोलीही भिंगाखाली ताडून बघा. खोलीही सारखी निघाली तर मेहुण्यांचं म्हणणं बरोबर, मग त्यांनी कारण काहीही दिलेलं असो. मधल्या कमळाबद्दल मी काही बोलत नाही. फोटोत त्याच्या पाकळ्या खालून पोकळ वाटतायत. मशीनवर सगळं काढून मधलं फूल तेवढं हाताने उठवायचं, असंही काम बाजारात येतं.

प्रयोगशाळेबद्दल कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. प्रयोगशाळा लाकूड कुठलं ते सांगते, कोरलं कसं ते नाही. पण तेवढंही उपयोगाचं ठरू शकतं. अक्रोडाचं लाकूड महाग आहे, जम्मू-काश्मीरमध्ये ते झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि बुंध्याच्या व मुळाकडच्या गडद लाकडाला फांदीच्या फिकट लाकडापेक्षा जास्त भाव असतो. त्यामुळे दुसऱ्याच लाकडावर गडद रंग चढवून अक्रोड म्हणून खपवायचा मोह मोठा. पॅनेलच्या मागे रंग न लागलेला भाग असेल तर तो बघा. शंका वाटली तर बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था लाकडाची ओळख पटवून लेखी देतात. हात की मशीन यावर तज्ज्ञांची मतं दोन पडू शकतात, लाकडाच्या जातीवर सहसा पडत नाहीत. तक्रार करायची वेळ आली तर हा मुद्दा तुमच्या बाजूने असेल तर जास्त पक्का.

किमतीचं गणित लोक उलटं मांडतात. समजा कुशल कारागिराची मजुरी दिवसाला हजार रुपये धरली आणि अशा खोल उठावाच्या पॅनेलला महिनाभर लागला, तर मजुरीच तीस हजाराच्या आसपास. त्यावर लाकूड, दुकानाचं भाडं, मधल्यांचा वाटा. म्हणजे ४२,००० मध्ये पूर्ण हातकाम अगदी अशक्य नाही, पण ओढाताणीचं आहे. हेच पॅनेल ९,००० ला मिळालं असतं तर मी न बघता मशीनचं म्हटलं असतं. कमी किंमत हातकामाविरुद्ध पुरावा होऊ शकते. जास्त किंमत मात्र कसलाच पुरावा नाही, तो दुकानदाराचा आत्मविश्वास.

आता पैशांचं. फोनवर भांडणं थांबवा आणि त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर साधे प्रश्न लिहून पाठवा: पानांच्या शिरा कोणत्या हत्याराने काढल्या, ढोबळ काम मशीनवर झालं का, लाकूड कुठलं. त्याचं लेखी उत्तर, किंवा त्याचं गप्प बसणं, दोन्ही कामाला येतं. ‘फिनिशिंग हाताचं’ हे वाक्य त्याने एकदा लिहून दिलं की कोरणं हाताचं नव्हतं, हे त्यानेच अर्धं मान्य केलं. दुकानाच्या पाटीचा, वेबसाइटचा किंवा इन्स्टाग्रामचा ‘हँड कार्व्ड’ लिहिलेला फोटो असेल तर जपून ठेवा. बिलावर नसलेलं आश्वासन जाहिरातीत सापडतं.

काश्मीरच्या अक्रोड-नक्षीकामाला भौगोलिक मानांकन आहे. मशीनचा माल हाताचा म्हणून विकल्याच्या तक्रारी तिथल्या हस्तकला विभागाकडे करता येतात. मानांकन असलेल्या वस्तूंवर तपासून क्यूआर कोडचं लेबल लावायची सोयही तिकडे सुरू झाली आहे. तुमच्या पॅनेलवर तसं काही आहे का बघा. नसेल तर त्यावरून ते खोटं ठरत नाही, पुष्कळ प्रामाणिक कारागिरांचा माल लेबलाशिवायच विकला जातो. दुकानदाराला मात्र हे जरूर विचारा की लेबल का घेतलं नाही.

एवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते, श्रीनगरला खेपा घालाव्या लागत नाहीत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मात्र सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल. तेव्हा ठशांचे कागद, आडव्या उजेडातले फोटो आणि एखाद्या कोरीव काम करणाऱ्याचं लेखी मत, एवढं हातात असल्याशिवाय त्या पायरीवर जाऊ नका. ‘मेहुणे म्हणाले’ तिथे चालणार नाही.

दुकानदार मध्येच तडजोडीला येऊन पाच-दहा हजार परत देतो म्हणाला तर तुम्हाला पॅनेल ठेवायचं आहे का, हे आधी घरात ठरवा. मशीनवर ढोबळ काढून कमळ हाताने केलेलं अक्रोडाचं पॅनेल टाकाऊ नसतं, फक्त ते ४२,००० चं नसतं. माझ्या अंदाजाने निम्म्याच्या आसपास ठीक. तुम्हाला पूर्ण हाताचंच हवं होतं, तर तडजोड न करता परत करण्यावर ठाम राहा. आणि काहीही ठरेपर्यंत पॅनेलवरचं पॉलिश खरवडू नका, पानाखाली चाकूचं टोक घालून बघू नका, मेहुण्यांनाही घालू देऊ नका. वस्तू जशीच्या तशी परत करता आली नाही, तर दुकानदाराला ‘हे तुम्हीच खराब केलंत’ म्हणायला आयतं कारण मिळेल.